गाडी कोणाच्या नावावर?

मोटार वाहनाची नोंदणी म्हणजे एक ठरावीक यंत्र, एक ठरावीक माणूस आणि एक क्रमांक यांची सरकारी नोंदवहीत घातलेली गाठ. यंत्राची ओळख चेसिस आणि इंजिनवर कोरलेल्या क्रमांकांवरून पटते, माणसाची त्याच्या ओळखपत्रावरून आणि पत्त्यावरून. क्रमांकाच्या पाटीमुळे या दोघांचा संबंध रस्त्यावर कोणालाही शोधता येतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ही पाटी एमएच २० ने सुरू होते. शेजारचा जालना २१, परभणी २२, बीड २३, लातूर २४, धाराशिव २५ आणि नांदेड २६. मराठवाडा असा ओळीने बसलेला आहे. १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीला मात्र थेट ३८ वर जावे लागले. २०२३ मध्ये शहराचे नाव बदलले, तरी पाटीवर शहराचे नाव नसतेच, त्यामुळे जुन्या गाड्यांच्या पाट्या रंगवण्याची वेळ कोणावर आली नाही.

या सगळ्याचा आधार मोटार वाहन अधिनियम, १९८८. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याचे कलम ३९ सांगते की नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक जागी चालवायचे नाही आणि मालकाने ते दुसऱ्याला चालवूही द्यायचे नाही. नोंदणीचा दाखला, म्हणजे लोकांच्या तोंडचे आरसी बुक, हे आता पुस्तक राहिलेले नाही; ते पाकिटात मावणारे स्मार्ट कार्ड झाले आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अॅपमधली त्याची प्रत २०१८ च्या नियमबदलानंतर पोलिसांना दाखवली तरी चालते. मोबाइलमध्ये काढून ठेवलेला कार्डाचा फोटो मात्र या सवलतीत येत नाही.

अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना तिकडे गाडीची दोन वेगळी कागदपत्रे सांभाळावी लागतात: एक मालकीचे आणि एक नोंदणीचे. भारतात मालकीचा असा वेगळा दाखला नाही. सगळा भार आरसीवरच आहे आणि बहुतेक घोटाळ्यांचे मूळही तिथेच आहे. विकणारा आणि घेणारा यांच्यापुरता व्यवहार पैसे देऊन गाडी ताब्यात घेतली की पुरा होतो. त्यासाठी आरटीओची गरज पडत नाही. मोटार वाहन कायदा मात्र त्या दोघांमधल्या बोलीकडे पाहत नाही. त्याच्या कलम २(३०) नुसार मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे तो. मालक अज्ञान असेल तर त्याचा पालक आणि कर्जाच्या किंवा भाडेकराराच्या गाडीत जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती, एवढेच याला अपवाद. किल्ली कोणाकडे आहे, हप्ते कोण भरतो, गाडी कोणाच्या अंगणात उभी असते, या गोष्टींनी नोंदवही बदलत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले. त्या प्रकरणातली गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात गेली होती. नोंद मात्र जुन्याच मालकाच्या नावावर राहिली होती. त्या गाडीने अपघात झाला आणि गाडीला विमा नव्हता. गाडी विकून मोकळा झालो असे समजून बसलेल्या त्या नोंदणीकृत मालकालाच न्यायालयाने भरपाईसाठी जबाबदार धरले. कारणही व्यवहारी होते. अपघातात सापडलेल्या माणसाने गाडीच्या साऱ्या खाजगी विक्रींचा माग काढत फिरावे, अशी अपेक्षा कायदा करू शकत नाही.

नव्या गाडीचे पासिंग त्या मानाने सरळ झाले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेली नवी गाडी तपासणीसाठी आरटीओत न्यावी लागत नाही. शोरूमवाला नमुना २० चा अर्ज, नमुना २१ चे विक्रीपत्र, नमुना २२ चा रस्त्यायोग्यतेचा दाखला, विमा आणि पत्त्याचा पुरावा ‘वाहन’ या प्रणालीत चढवतो, कर भरतो, क्रमांक मिळतो आणि पाटी बसवूनच गाडी बाहेर पडते. दुचाकीचे नोंदणी शुल्क ३०० रुपये आणि मोटारीचे ६०० रुपये. खिशाला जाणवतो तो कर.

महाराष्ट्रात खाजगी गाडीचा कर एकदाच आणि किमतीच्या टक्क्यांत घेतला जातो. १०० ते २९९ सीसीच्या दुचाकीला ११ टक्के. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला ११ टक्के आणि त्याच किमतीच्या डिझेल मोटारीला १३ टक्के. किंमत दहा आणि वीस लाखांच्या पायऱ्या ओलांडेल तसा दर एकेक टक्क्याने चढतो. म्हणजे आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ८८ हजार आणि तेवढ्याच किमतीच्या डिझेल गाडीवर १ लाख ४ हजार रुपये. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर २० टक्क्यांवर जातो. म्हणूनच वाळूज-शेंद्र्यातल्या कित्येक छोट्या उद्योजकांची गाडी कारखान्याच्या कामाला फिरते आणि नोंद मात्र मालकाच्या स्वतःच्या नावावर असते. या कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली.

संभाजीनगर शहराला गाड्यांच्या नोंदणीचे अप्रूप नवे नाही. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून दुचाकी-तिचाकी बनवतो. बजाजच्या गाडीचा सतरा अक्षर-आकड्यांचा चेसिस क्रमांक एमडी२ ने सुरू होतो. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा आली. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज एकाच दिवशी घेतल्या आणि देशभर त्याची चर्चा झाली. खरेदी एकत्र, घासाघीस एकत्र. नोंद मात्र ज्याची त्याची. पसंतीच्या क्रमांकाची हौसही इथे कमी नाही. ऑगस्ट २०२४ च्या सुधारित दरांनुसार मुंबई-पुण्यासारखी मोठी शहरे सोडून इतरत्र चारचाकीच्या ०००१ या क्रमांकाला पाच लाख रुपये मोजावे लागतात. एवढ्या पैशांत एक बरी छोटी मोटार येते.

पाटीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण अलीकडे जुन्या गाडीवाल्यांची सर्वांत जास्त धावपळ तिच्यासाठीच झाली. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी, कंपनीकडूनच येते. अॅल्युमिनियमच्या या पाटीवर अशोकचक्राचा क्रोमियम होलोग्राम असतो, डाव्या बाजूला निळ्या रंगात ‘इंड’ असे छापलेले असते, लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक असतो आणि ती एकदाच वापरता येणाऱ्या कुलुपाने बसवलेली असते. काढायची तर कुलूप तोडावेच लागते. चारचाकीच्या पुढच्या काचेवर एक स्टिकरही लागतो. पेट्रोल आणि सीएनजीसाठी फिका निळा, डिझेलसाठी नारिंगी. धुरामुळे गाड्या थांबवायची वेळ आली, तर कोणते इंधन हे लांबूनच कळावे, ही त्यामागची सोय. त्याआधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्राने ही पाटी सक्तीची केली. दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. पहिली मुदत मार्च २०२५ अखेरची होती, ती २०२५ मध्येच पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागली. लाखो जुन्या गाड्यांचा पत्ता, मोबाइल क्रमांक किंवा मालकाचे नावच नोंदवहीत जुने होते, ही गोष्ट या निमित्ताने अनेक घरांत पहिल्यांदा कळली.

कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा चढतो. शेवटचा हप्ता फिटला की बोजा आपोआप उतरतो, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. तो उतरवावा लागतो: बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन. वर्षानुवर्षे हे राहून जाते आणि गाडी विकायला काढली की गाडे तिथेच अडते. मधल्या काळात वित्तसंस्था बंद पडलेली किंवा दुसरीत विलीन झालेली असली, तर ते पत्र मिळवताना नाकी नऊ येतात.

जुन्या गाडीचे हस्तांतर हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग आहे. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३०, मूळ आरसी, चालू विमा आणि चालू पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचा दाखला, लागतो. शुल्क नोंदणीच्या निम्मे, म्हणजे दुचाकीला १५० आणि मोटारीला ३०० रुपये, शिवाय कार्डाचे. इतका कमी खर्च असूनही बाजारातला रिवाज वेगळाच आहे. विकणारा कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे याच नमुना २९ आणि ३० वर, सह्या करून देतो, दलाल ते फॉर्म गाडीबरोबर पुढे सरकवत राहतो आणि शेवटचे गिऱ्हाईक सापडेपर्यंत नाव कोणाचेच लागत नाही. तोवर सिग्नल तोडल्याचे ई-चलान पहिल्या मालकाच्या मोबाइलवर येत राहते. चलान ही त्यातली किरकोळ बाब. गाडी गुन्ह्यात वापरली गेली, तर पोलीस पहिल्यांदा नोंदवहीतल्याच पत्त्यावर येतात.

ही फट बुजवण्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय नियमांत बदल झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी अधिकारपत्र आले. अशा अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिली आणि नमुना २९सी ने तसे ऑनलाइन कळवले, की गाडी पुढे विकली जाईपर्यंत तो विक्रेताच तिचा मानीव मालक ठरतो. विकणाऱ्याच्या दृष्टीने गेल्या कित्येक वर्षांतली ही सर्वांत उपयोगी सुधारणा आहे. तिचा उपयोग फार कमी लोक मागून घेतात.

मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीस दिवसांत कळवले, तर त्याला तीन महिने ती गाडी त्याच नावाने वापरता येते आणि त्या तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलून घ्यावे लागते. २०२१ पासून आरसीवर नामनिर्देशनाची सोय आहे. बँकेच्या खात्याला वारस लावणारी माणसे गाडीला तो लावायचे विसरतात आणि मग वारसदाखल्यासाठी कोर्टकचेरीच्या खेपा होतात.

बाहेरून आलेल्या गाड्यांचे नियम वाटतात त्यापेक्षा सोपे आहेत. पुण्याला नोकरी करून परतलेल्या मुलाची एमएच १२ ची गाडी संभाजीनगरात चालवायला काहीच हरकत नाही. राज्यातल्या राज्यात क्रमांक बदलत नाही. पत्ता बदलला तर तीस दिवसांत नमुना ३३ भरून तो नोंदवायचा, एवढेच. गाडी हैदराबादहून आली असेल, तर मात्र कलम ४७ लागू होते. बारा महिन्यांहून अधिक काळ ती महाराष्ट्रात राहणार असेल, तर तेलंगणातून ना-हरकत दाखला आणून इथला क्रमांक घ्यावा लागतो आणि गाडीच्या वयाप्रमाणे इथला कर भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा उरलेला हिस्सा परत मागता येतो. तो मिळायला मात्र चिकाटी हवी. ज्यांच्या बदल्या सतत होतात त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२१ मध्ये बीएच मालिका सुरू झाली. सैन्यदले, सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांतले नोकरदार ती घेऊ शकतात. हा क्रमांक राज्य बदलले तरी तोच राहतो.

आता धुराकडे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११५ सांगतो की पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष झाले की प्रत्येक गाडीजवळ चालू पीयूसी हवे. त्याची मुदत जुन्या गाड्यांना सहा महिने. बीएस-४ या धूर-मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांना बारा महिने. बीएस-४ देशभर एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून लागू झाले, त्यामुळे रस्त्यावरच्या नव्या गाड्यांना वर्षातून एकदाच तपासणी पुरते. विजेच्या गाडीला पीयूसी लागत नाही. महाराष्ट्रात २०२२ च्या दरांप्रमाणे तपासणीला दुचाकीसाठी ५० रुपये, पेट्रोल मोटारीसाठी १२५ आणि डिझेलसाठी १५० रुपये पडतात.

पेट्रोल गाडीची तपासणी इंजिन नुसते चालू ठेवून होते. नळीतून येणाऱ्या वायूतले कार्बन मोनॉक्साइडचे टक्के आणि न जळलेल्या हायड्रोकार्बनचे दशलक्ष भागांतले प्रमाण यंत्र मोजते. बीएस-४ मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० च्या आत हवा. २००० सालानंतरच्या जुन्या चारस्ट्रोक दुचाकीला हीच मर्यादा ३.५ टक्के आणि ४५०० इतकी सैल आहे. पहिला आकडा वाढला तर एअर फिल्टर तुंबला आहे किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जाते आहे. दुसरा वाढला तर बहुधा प्लग नीट पेटत नाही. डिझेल गाडीत धुराची दाटी मोजतात. इंजिन गरम करून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबतात, असे अनेकदा करून सरासरी काढतात. जुन्या डिझेलला ६५ आणि बीएस-४ ला ५० हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे. थंड इंजिन तपासायला नेणे म्हणजे आपण होऊन नापास होण्यासारखे आहे, कारण सायलेन्सरमधला उत्प्रेरक तापल्याशिवाय काम करत नाही.

एके काळी पेट्रोल पंपाजवळच्या टपरीतून गाडी न दाखवताही पीयूसी मिळत असे. जून २०२१ पासून देशभर एकच नमुना आला. दाखल्यावर क्यूआर कोड असतो, मालकाचा मोबाइल क्रमांक नोंदवावा लागतो, गाडीचा पाटीसह फोटो चढतो आणि निकाल थेट ‘वाहन’ प्रणालीत जातो. नापास गाडीला कारण लिहिलेली नकार-पावती मिळते. ती दाखवून गॅरेजमध्ये दुरुस्ती करून घ्यायची. पळवाटा संपल्या असे नाही, पण अरुंद नक्की झाल्या. चालू पीयूसी नसेल, तर कलम १९०(२) प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते आणि तीन महिने परवानाही जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये विम्याचे नूतनीकरण पीयूसीशी बांधले होते. त्यामुळे अनेक गाड्या विम्याविनाच फिरू लागल्या आणि अपघातग्रस्तांचेच नुकसान होऊ लागले, असे विमा कंपन्यांनी मांडल्यावर न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती अट काढली.

ही तपासणी काय मोजत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. डिझेलच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कण या यंत्रात दिसत नाहीत, आणि उभ्या गाडीचा धूर जालना रोडवरच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीच्या धुरासारखा नसतो. केंद्राच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा मानकांत बसत नाही म्हणून नोंद झाली, त्यांत संभाजीनगर, जालना आणि लातूर आहेत. इथल्या धुळीत रस्त्यांचा आणि बांधकामांचाही वाटा आहे, तो पीयूसीने कमी होणार नाही. ढोबळ बिघाड झालेली गाडी वेळीच वेगळी काढणे एवढेच काम ही तपासणी करते. तेवढ्यासाठी ती पुरेशी आहे.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते. त्यानंतर गाडी तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करता येते आणि राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली परिसरापुरती आहे. महाराष्ट्रात ती नाही. तरीही त्या बातम्या वाचून घाबरलेले लोक इथे चांगल्या गाड्या मातीमोल भावाने विकतात. शुल्क मात्र मुद्दामच चढे ठेवले आहे. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीचे नूतनीकरण ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले आणि दुचाकीचे ३०० वरून १,००० वर; ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० आणि दुचाकीला २,००० रुपये झाले. व्यावसायिक गाड्यांचे गणित वेगळे. रिक्षा, टेम्पो, काळीपिवळी यांना योग्यतेचा दाखला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावा लागतो. शेतीचा ट्रॅक्टर बिगरवाहतूक वाहन म्हणून नोंदला जातो, पण त्याच्या मागच्या ट्रॉलीला स्वतःची नोंद लागते. हंगामात ऊस ओढणाऱ्या कित्येक ट्रॉल्यांना पाटीच नसते आणि अंधारात त्यांच्यावर मागून आदळणाऱ्या दुचाकीस्वाराच्या कुटुंबाला भरपाई मागायला नोंदवहीत नावही सापडत नाही.

गाडी भंगारात गेली, तरी नोंद आपोआप मिटत नाही. भंगारवाल्याला तशीच विकलेली गाडी नोंदवहीत चालूच राहते आणि तिचा चेसिस क्रमांक चोरीच्या गाडीवर चढवायला मोकळा राहतो. ऑगस्ट २०२१ च्या धोरणानंतर अधिकृत भंगार केंद्रे निघाली. तिथे गाडी दिली की जमा केल्याचा दाखला मिळतो, चेसिस क्रमांकाचा तुकडा कापून सहा महिने जपून ठेवला जातो आणि नोंद रद्द होते. तो दाखला दाखवून घेतलेल्या नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते. वापरायचा नसेल तर तो दाखला दुसऱ्याला विकताही येतो.